परसातल्या सहा कोंबड्या आणि आठवड्याची दहा अंडी

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात आमच्या खुराड्यात सतरा कोंबड्या होत्या. आठवड्याभरात तीन उरल्या. सुरुवात एका तलंगेपासून झाली. ती सकाळी बाहेर आली ती मान वाकडी करून, स्वतःभोवतीच गोल फिरत. दुपारी हिरवट पातळ हगली, संध्याकाळी मेली. शेजारच्या काकी डोकावून म्हणाल्या, "मानमोडी आली गो, आता ऱ्हवायच्या नाहीत." आणि नाहीच राहिल्या. लस द्यायची राहून गेली होती, बाकी काही नाही. गंमत म्हणजे त्याच महिन्यात मी "जास्त अंडी देणारी जात" कुठे मिळते याची चौकशी करत फिरत होते.

तेव्हापासून कोणी कोंबड्या पाळायच्या म्हटलं की मी आधी जात विचारत नाही, लसीचं विचारते. परसातल्या कोंबड्यांत नुकसान होतं ते कमी अंड्यांमुळे नाही, मेलेल्या पिल्लांमुळे. आणि घरातल्या पोषणाचं नुकसान होतं ते पिकलेली अंडी घरात न राहिल्यामुळे. या लेखात याच दोन गळत्या बुजवायच्या आहेत. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीवरून लिहिते आहे. देशावर किंवा विदर्भात असाल तर तुसाच्या जागी तुमच्याकडचा भुसा आणि कणीच्या जागी ज्वारी धरा.

आधी हिशोब

गावठी कोंबडी एका फेरीला १२ ते १५ अंडी घालते. त्याला १८-२० दिवस जातात. मग ती खुडूक होते, म्हणजे अंडी घालायची थांबते, २१ दिवस रवणीवर, म्हणजे अंडी उबवायला, बसते, आणि पुढे अडीच-तीन महिने पिल्लं घेऊन हिंडते. म्हणजे एक फेरी चार महिन्यांची. वर्षाला तीन फेऱ्या, चाळीस-बेचाळीस अंडी, आणि त्यातली बरीच रवणीलाच जातात. "कोंबड्या आहेत पण अंडं दिसत नाही" असं घरोघरी ऐकू येतं, त्याचं उत्तर या गणितात आहे.

सुधारित जाती, म्हणजे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा आणि ग्रामप्रिया, किंवा बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, परसात फिरून जास्त अंडी देतात. ग्रामप्रियाची कागदावरची संख्या १६०-१८० आहे. मी ११० धरते. आमच्या परसात उतार, पाऊस आणि घारी तिन्ही आहेत. पण या कोंबड्या सहसा रवणीला बसत नाहीत. शिवाय त्यांची अंडी उबवली तर पिल्लांत आईचा गुण पूर्ण उतरत नाही, कारण त्या संकरातून काढलेल्या आहेत. त्यामुळे पिल्लं काढायला गावठीच हवी.

माझी मांडणी अशी: दोन गावठी, चार ग्रामप्रिया, एक गावठी कोंबडा. चार ग्रामप्रियांची ४४०. गावठीला वर्षातून एकदाच रवणीला बसवायचं आणि बाकी वेळा खुडूक मोडायचं, म्हणजे प्रत्येकीची पन्नासएक अंडी खायला मिळतात. एकूण ५४०, आठवड्याला दहा. आई आणि दोन मुलं यांना प्रत्येकी एक दिवसाआड एक अंडं द्यायचं तर आठवड्याला साडेदहा लागतात. यापेक्षा जास्त कोंबड्या ठेवल्या तर परसात मिळणारं खाणं पुरत नाही आणि दाणा विकत आणावा लागतो. तिथून तो धंदा होतो, आणि धंद्याचे नियम वेगळे.

खुडूक मोडायची आमच्याकडची पद्धत म्हणजे तिच्या नाकपुडीतून पीस ओवायचं किंवा तिला पाण्यात बुचकळायचं. कोंबडीला त्रास, फायदा काही नाही. तिला गार हवा हवी असते, पोटाखाली. तळाला फटी असलेल्या टोपलीत किंवा डालग्यात तिला घालून टोपली जमिनीपासून वर टांगा, दाणापाणी आत ठेवा, तीन-चार दिवस ठेवा. साधारण दोन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते.

खुराडं

कोंबडी दिवसभर बाहेर असते, खुराडं फक्त रात्रीचं. सात-आठ पक्ष्यांना चार फूट बाय तीन फूट पुरतं. पण ते जमिनीवर नको. चार खांबांवर दोन-अडीच फूट उंच घ्या आणि तळाला बांबूच्या कामट्या बोटभर फट ठेवून ठोका. शीट खाली पडते, कोंबडीचे पाय कोरडे राहतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि इथल्या निम्म्या कोंबड्या ओलीने आजारी पडतात असं मी अनुभवाने म्हणेन.

खाली पडलेली शीट पंधरा दिवसांनी गोळा करून पालापाचोळ्यात कुजवा. ताजी थेट मिरचीच्या बुंध्याशी टाकली तर रोप जळतं. मी जाळली आहेत.

जाळीबद्दल एकच सांगायचं. बाजारात कोंबडीजाळी म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. मुंगूस दोन इंचांच्या भोकातून सरकतं आणि उदमांजर ती जाळी दातांनी ओढून सैल करतं. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या, थोडीच लागते. दाराला नुसती खिट्टी नको, वर तार गुंडाळायची सवय लावा. पावसाच्या दिशेला झावळ्यांची झडप, बाकी बाजू मोकळ्या. काही लोक थंडी लागेल म्हणून खुराडं प्लास्टिकने चारही बाजूंनी बंद करतात. मग आत शिटेचा उग्र वास कोंडतो आणि कोंबड्यांना सर्दी होते. सकाळी दार उघडल्यावर तुमच्या डोळ्यांना झोंबलं, तर रात्रभर त्यांच्याही डोळ्यांना झोंबत होतं.

आत बसायला दीड-दोन इंच जाड गोल दांडी. अंड्यांसाठी अंधाऱ्या कोपऱ्यात फूटभर लांब-रुंद खोकं, आत तूस किंवा पेंढा. सहा कोंबड्यांना दोन खोकी खूप झाली. आणि पडवीच्या कडेला चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून एक घमेलं भरून ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात, उवा-पिसवा झडतात.

रवण कधी आणि कशी

कधी, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पावसात फुटलेली पिल्लं ओलीने आणि रक्ती हगवणीने जातात. मी पौष-माघात, जानेवारीत, रवण घालते. पिल्लं फेब्रुवारीत फुटतात. हवा कोरडी असते आणि पहिल्या पावसापर्यंत ती चार महिन्यांची होतात. शिवाय कोंबडे गटारीला बरोबर सहा महिन्यांचे भरतात, त्याबद्दल पुढे.

रवणीला सात दिवसांच्या आतली अंडी घ्या. साठवताना टोकदार बाजू खाली, गार जागी. माठाच्या बुडाशी ओली वाळू आणि वर फडकं एवढं पुरतं. फार लहान, फार मोठी, तडकलेली अंडी खायला ठेवा. गावठी कोंबडीच्या पोटाखाली दहा-बारा अंडी मावतात. लोभाने पंधरा ठेवली की कडेची गार पडतात, कोंबडी ती आत ओढते, आतली बाहेर जातात, आणि शेवटी सगळ्यांचीच ऊब जाते. बसवायचं रात्री. टोपलीत राख, वर पेंढा. दाणा आणि पाणी हाताच्या अंतरावर ठेवा, नाहीतर ती उपाशी राहते आणि वजन उतरतं.

सातव्या रात्री अंडी बघा. बुटाच्या खोक्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडा, आत मोबाइलची बॅटरी लावून ठेवा, दिवा घालवा आणि अंडं भोकावर धरा. जिवंत अंड्यात मधोमध काळा ठिपका आणि त्यातून चहूकडे गेलेल्या बारीक लाल शिरा दिसतात, हुबेहूब कोळी बसल्यासारख्या. नुसता पिवळसर उजेड आरपार दिसला तर अंडं फळलेलं नाही, काढून टाका. माझी धाकटी हे बघायला दर वर्षी झोप मोडून उठते. एकदा तिने विचारलं, हा कोळी कोंबडी कधी होतो? मी म्हटलं, अजून चौदा दिवसांनी.

पहिले चाळीस दिवस

फुटलेल्या दहातली चार पिल्लं मोठी झाली तर आमच्याकडे बरं म्हणतात. बाकी सहा घार, कावळा, मांजर, थंडी आणि ओल नेते. हे नशीब नाही. पहिले चाळीस दिवस पिल्लं मोकळी सोडली नाहीत तर दहातली आठ जगतात.

पहिले तीन आठवडे आईसकट डालग्याखाली ठेवा. आई असली की बल्ब लागत नाही. आईविना पिल्लं आणली असतील तर पंचवीस पिल्लांना ६० वॅटचा बल्ब, वीतभर उंचीवर. थर्मामीटर नसला तरी चालतो, पिल्लांकडे बघा. बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे. कडेला पळून चोच उघडी टाकत असतील तर गरम होतं आहे, बल्ब वर घ्या. सगळीकडे पसरून खात असतील तर ठीक. बांबूवर वर्तमानपत्र अंथरू नका, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. तूस घाला, दोन इंच, आणि ओलं झालं की त्याच दिवशी बदला.

खायला पहिल्या महिन्यात पिल्लांचं तयार खाद्य द्या. हे सांगताना मला लोकांच्या कपाळावरच्या आठ्या दिसतात. पण नुसत्या कणीवर पिल्लू वाढत नाही, त्याला प्रथिनं लागतात. पैसे वाचवायचे असतील तर निम्मं खाद्य आणि निम्मा नाचणी-मक्याचा भरडा करा, त्यात वाळवी. वाळवी मिळवायची जुनी युक्ती: मडक्यात ओलं शेण आणि पेंढा दाबून भरा, संध्याकाळी वारुळाच्या तोंडावर उपडं घाला. सकाळी मडकं वाळवीने भरलेलं असतं. पिल्लं त्यावर अक्षरशः तुटून पडतात. आणि हे खाद्य आईने संपवू नये म्हणून ते वेगळ्या डालग्याखाली ठेवा, त्याच्या फटी अशा, की पिल्लू आत जाईल, आई जाणार नाही.

सुधारित जातीची पिल्लं घ्यायची असतील तर एक दिवसाची घेऊ नका. चार आठवड्यांची, लस दिलेली घ्या. महाग पडतात, तरी स्वस्त आहेत. जिल्ह्याचा सधन कुक्कुट विकास गट, कृषी विज्ञान केंद्र किंवा खात्रीची उबवणी केंद्रं, तिथे आधी मागणी नोंदवावी लागते. पाड्यापाड्यांवर टेम्पोतून विकायला येणाऱ्या रंगीत पिल्लांकडे बघूही नका.

लस

इथे मला घाई करता येत नाही. राणीखेत म्हणजे मानमोडी हा विषाणूचा आजार आहे. त्यावर औषध नाही, लसच आहे. नाव उत्तराखंडातल्या राणीखेतवरून पडलं. बाहेर त्याला न्यूकॅसल म्हणतात, इंग्लंडात १९२६ साली तो तिथे सापडला म्हणून.

क्रम असा. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, ही राणीखेतची लस, डोळ्यात एक थेंब. थेंब टाकून पिल्लू लगेच सोडू नका. डोळा मिटून थेंब आत गेला की मग. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या पिल्लांच्या आजाराची. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा. सहाव्या-सातव्या आठवड्यात कोंबड्यांच्या देवीची, पंखाच्या पातळ कातडीत. आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बी, तीही राणीखेतचीच, अर्धा मिली, कातडीखाली. ही जोरकस लस आहे, सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना देऊ नका. तिच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्यावं. पुढे दर सहा महिन्यांनी राणीखेतची लस पुन्हा, आणि त्यातली एक उन्हाळा लागण्याआधी. आजारी पक्ष्याला लस देऊ नका.

अडचण लसीत नाही, बाटलीत आहे. बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची, आणि एकदा पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवायची. सात कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून लस हे एका घराचं काम नाही, वाडीचं आहे. आमच्याकडे आता दोन दिवस ठरलेले आहेत: महाशिवरात्रीचा आदला रविवार आणि भाद्रपदात गणपती गेल्यानंतरचा रविवार. आदल्या रात्री प्रत्येक घर खुराडं बंद ठेवतं, कारण सकाळी एकदा सुटलेली कोंबडी कोणाच्या बापाच्याने सापडत नाही. पहाटे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून आणलेली लस बर्फ घातलेल्या थर्मासात ठेवून आम्ही घरोघर फिरतो. एकजण पकडतो, एकजण टोचतो, एकजण वहीत लिहितो. अठरा घरं साडेनऊला आटपतात. जे घर सुटतं, तिथून रोग सगळ्या वाडीत फिरतो, म्हणून मोजायचं ते कोंबड्या नव्हे, घरं.

आणि रोग आलाच, तर मेलेली कोंबडी वहाळात फेकू नका, कुत्र्याला देऊ नका, कापून खाऊही नका. खोल खड्डा, वर चुना, वर माती. एकदम बऱ्याच मेल्या तर दवाखान्यात कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला तो देशातला पहिला होता, आणि तिथे मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. कळवायची भीती वाटते ती यामुळेच, पण न कळवण्यात घरातल्या पोरांचा धोका आहे.

दाणा

मोठी कोंबडी दिवसाला १००-१२० ग्रॅम खाते. त्यातलं बरंच ती उकिरड्यात, गवतात, शेणात शोधते. आपण संध्याकाळी मूठभर, ३०-४० ग्रॅम, टाकायचं. संध्याकाळीच, म्हणजे ती परत खुराड्याकडे येते. कणी, कोंडा, नाचणी, थोडी शेंगदाणा पेंड. पेंडीला बुरशीचा वास आला तर फेकून द्या, त्यातल्या विषाने कोंबड्या झुरून मरतात. शेवग्याचा पाला चालतो, आणि अळू सोडून परसातली कुठलीही कोवळी भाजी.

एका अंड्याच्या टरफलाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. ते मिळालं नाही तर ती आधी मऊ टरफलाची अंडी घालते आणि मग स्वतःचीच अंडी फोडून खायला लागते. किनाऱ्यावरचे शिंपले भाजून, कुटून एका करवंटीत ठेवा. ज्या कोंबडीला हवे ती खाते. आमच्याकडे सुकट स्वस्त म्हणून ती कोंबड्यांना घालतात. खारवलेली असेल तर नको, मीठ त्यांना बाधतं.

अंडं कोणाच्या ताटात

आमच्या घरी पूर्वी अंडं तीन ठिकाणी जायचं: दुकानात साखरेच्या बदल्यात, पाहुण्याच्या ताटात, आणि बाप्याच्या रात्रीच्या पोळीत. मुलांना उरलं तर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. ती काही अंडी नसलेल्या घरांतलीच नव्हती.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात दोन गोष्टी लिहिते. वर किती अंडी मिळाली, खाली कोणी खाल्ली: आ, थो, धा. आई, थोरला, धाकटी. महिनाअखेर खालच्या ओळीत "आ" किती वेळा आलं ते मोजलं तेव्हा पहिल्या महिन्यात दोन निघाले. कोणी अडवलं नव्हतं, मीच वाढून टाकत होते. आता नियम एवढाच की आठवड्याची पहिली दहा अंडी विकायची नाहीत.

मोठ्या अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, गावठीच्या लहान अंड्यात पाच. गावठी अंडं जास्त पौष्टिक असतं म्हणतात. बलक गडद दिसतो तो हिरवा पाला खाल्ल्यामुळे, आणि टरफल तपकिरी की पांढरं याने काही फरक पडत नाही. गरोदरपणी "अंडं उष्ण पडतं" हे तर सोडूनच द्या. बाळाला सहा महिन्यांनंतर पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून, मऊ भातात किंवा आईच्या दुधात कालवून चमचाभर सुरू करावं. अर्धकच्चं नको. आणि अंड्यातलं लोह अंगी फारसं लागत नाही, क जीवनसत्त्व तर त्यात नसतंच, म्हणून ताटात माठाची किंवा शेवग्याची भाजी आणि लिंबाची फोड हवीच.

अंडं म्हणजे जादू नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या इक्वेडोरच्या एका अभ्यासात ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, तेव्हा वाढ खुंटण्याचं प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी झालं. पुढे मलावीत तसंच करून बघितलं तर उंचीत फरक दिसला नाही. तिथली बाळं आधीपासून मासे खात होती. आमच्या किनाऱ्यालाही हे लागू आहे. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि खाडीपासून लांबच्या वाड्यांत ताजी मासळी एरवीही रोज येत नाही. अंड्याची गरज तेव्हा. दुर्दैवाने पावसात कोंबड्याही अंडी कमी घालतात, म्हणून वैशाखात ग्रामप्रिया तरुण असायला हवी, म्हातारी नव्हे. श्रावणात मोठी माणसं खात नाहीत तेव्हा मुलांच्या वाट्याचं आपोआप वाढतं.

कोंबडं कापलं की काळीज आधी चखण्याला जातं. त्यात लोह आणि अ जीवनसत्त्व भरपूर असतं, ते पोरांच्या आणि पाळी येणाऱ्या पोरींच्या ताटात वाढा. गरोदर बाईला मात्र काळीज वारंवार नको.

शेवटची गोष्ट पडवीची. रांगतं बाळ आणि कोंबड्या एका जमिनीवर नकोत. शिटेतले जंतू बाळाच्या हातातून तोंडात जातात, जुलाब होतात आणि खाल्लेलं अंडं वाया जातं. पडवीला दोन फुटांची कामट्यांची आड घाला, अंडी गोळा केल्यावर साबणाने हात धुवा.

कोंबडे आणि पैसा

फेब्रुवारीतल्या पिल्लांत निम्मे कोंबडे निघतात. सहा महिन्यांत दीड किलोच्या आसपास भरतात, म्हणजे आषाढी अमावास्येला, गटारीला तयार. त्या आठवड्यात गावठी कोंबड्याला वर्षातला सगळ्यात चांगला भाव मिळतो, आणि श्रावण लागला की कोणी विचारत नाही. एखादा देवाच्या राखणीला किंवा मिरगाला, म्हणजे मृग नक्षत्राला, घरात ठेवा, बाकी गटारीच्या आधीच्या शनिवारीच विका, रविवारची वाट बघू नका. आदल्या वर्षी मी वाट बघितली आणि सोमवारी दोन कोंबडे अर्ध्या भावात दिले. त्या पैशातून आधी पुढच्या वर्षीची लस, मग तीन वर्षांच्या वर गेलेल्या ग्रामप्रियांच्या जागी नवी चार पिल्लं. गावठी कोंबडी मात्र चांगली बसणारी असेल तर म्हातारी झाली तरी विकू नका. आमची तांबडी सहा वर्षांची आहे, अंडी जेमतेम घालते, पण यंदाही बारातली दहा तिनेच फोडली.